कोसबादचा शिक्षणप्रयोग आणि बोलीचा प्रश्न

ग्रामीण शिक्षणाच्या चर्चेत मुलांच्या गळतीचे खापर बहुधा पालकांच्या अज्ञानावर फोडले जाते. या समजुतीला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कृतीने उत्तर दिले. १९४५ साली बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे कार्य पुढे डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर, वारली वस्तीत रुजले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, हे त्या कार्याचे सूत्र होय. पाड्यावर भरणारी अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांची कुरणशाळा ही त्याचीच फळे.

या दोन्ही सामासिक शब्दांत पूर्वपद मुलाच्या जीवनातले, तर उत्तरपद संस्थेचे आहे. आणि संस्थेने आपले स्थळ व वेळ पूर्वपदाप्रमाणे बदलावी, असा त्यांचा आशय आहे. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने 'अंगणवाडी' हा शब्द देशभर नेला, हे यश लहान नव्हे. परंतु शब्द पसरला त्या मानाने सूत्र पसरले नाही. 'कुरणशाळा' हा शब्द तर इतिहासापुरताच उरला.

तथापि हे सूत्र तंतोतंत पाळले, तरी एक अंतर शिल्लक राहते, ते भाषेचे. वाचन शिकणारे मूल अक्षरांवरून आपल्या परिचयाच्या शब्दापर्यंत पोहोचते. तो शब्दच अपरिचित असेल, तर अक्षरे जुळूनही अर्थ हाती येत नाही. लिपी आणि प्रमाणभाषा ही दोन ओझी वारली मुलावर एकदम पडतात. मग त्याच्या मौनाला मंदबुद्धी हे नाव मिळते. हा निर्णय अन्यायाचा आहे, आणि तो शास्त्रीयदृष्ट्याही चुकीचा आहे.

वर्गीकरणानेही येथे गोंधळ वाढविला आहे. ग्रियर्सन यांनी आपल्या भाषापाहणीत वारलीला मराठीच्या खंडात स्थान दिले. २०११ च्या जनगणनेने तिची गणना भिली-भिलोडी गटात केली. १९५६ साली संविधानात आलेला ३५०-अ हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय सांगतो. वारली ही मराठीचीच बोली मानली, तर ते मूल या तरतुदीच्या कक्षेतून सहज निसटते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा मातृभाषेचा आग्रह धरतो, पण 'व्यवहार्य असेल तोवर' अशी पळवाटही ठेवतो.

बोली की भाषा, हा वाद अभ्यासकांनी खुशाल चालवावा. मुलाचे शिक्षण त्याच्या निकालासाठी थांबू शकत नाही. वर्गाच्या दृष्टीने प्रश्न एवढाच आहे की, शिक्षकाचे बोलणे मुलाला कळते की नाही. पहिल्या वर्षांत शिक्षकाने मुलाच्या बोलीत बोलावे, तिच्यातील गोष्टी-गाणी वर्गात आणावीत आणि तेथून प्रमाण मराठीकडे क्रमाने जावे. यात प्रमाणभाषेचा त्याग नाही. तिच्याकडे जाणारी वाट मात्र आहे. अंगणात गेलेल्या शाळेने अंगणातली बोली उंबऱ्याबाहेर ठेवली, तर ती मुलाकडे अर्धीच गेली, असे म्हणणे प्राप्त आहे.