साधं आणि सोपं

मराठीत ‘साधं’ आणि ‘सोपं’ हे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपण विसरतो. आपल्या पिंगळीच्या शिवारातली तिफण बघा. रचना साधी, पण चाड्यावर मूठ धरायला कोणालाही उभं करत नाहीत.

जून २०११ मध्ये अ‍ॅपलनं ‘फायनल कट प्रो एक्स’ आणलं, तेव्हा नेमका हाच फरक सुटला, असं आम्हाला वाटतं. किंमत २९९ डॉलर. मधला तुकडा काढला की मागचे आपोआप सरकून जागा भरतात. कल्पना चांगलीच होती. तिला पोरखेळ म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. पण मल्टिकॅम नव्हतं. ते आलं जानेवारी २०१२ मध्ये.

आता आपल्याकडचं लग्न घ्या. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे, मंगलाष्टकांचा आवाज मात्र एकच. मल्टिकॅमची सोय नसेल तर संकलकानं एकेक तुकडा हातानं बसवायचा. पडद्यावरची बटणं कमी झाली, जागरण वाढलं! मग सोपं झालं कोणासाठी? पहिल्यांदा बसणाऱ्यासाठी. रोज बसणाऱ्याचा विचार मागं पडला. वॉल्टर मर्च यांनी ‘कोल्ड माउंटन’चं संकलन जुन्या फायनल कटवरच केलं होतं, म्हणजे त्या अवजाराची ताकद काही कमी नव्हती.

आणि खरा अन्याय पुढंच आहे. जुन्या आवृत्तीतलं काम नव्यात उघडेना, अन् जुन्याची विक्रीही तेव्हाच थांबवली. अर्धवट राहिलेल्या कामांचं काय करायचं, ते ज्याचं त्यानं बघायचं.