नायकाने मारलं, तर पंचनामा कोण करणार?

'सुपरहिरोने खलनायकाला ठार मारणं नैतिक आहे का?' सिनेमावर पीएचडी करायची म्हणणाऱ्यांकडून हा विषय बरेचदा ऐकायला मिळतो. विषय वाईट नाही. पण प्रश्न असाच ठेवला तर सिनॉप्सिसऐवजी वादविवाद स्पर्धेचं भाषण तयार होतं. एक बाजू म्हणते, मारलाच पाहिजे, नाहीतर तो पुन्हा सुटणार. दुसरी म्हणते, मग नायक आणि खलनायकात फरक काय राहिला? दोन्हीकडून टाळ्या पडतात, आणि गाइड विचारतात, 'बरं, पण यात शोधायचं काय?'

शोधायला बरंच आहे, पण जरा बाजूला सरकून. मारणं योग्य की अयोग्य, याचं उत्तर आपण विचारण्याआधीच सिनेमाने देऊन ठेवलेलं असतं. ते आपल्याला पटावं म्हणून पटकथेने काय काय सोयी करून ठेवल्या, हा संशोधनाचा प्रश्न होऊ शकतो. या लेखात तोच धरून चालू.

उदाहरण घेऊ २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'चं. शेवटी झॉडच्या डोळ्यांतून निघणारे किरण एका कुटुंबाच्या दिशेने सरकत असतात. सुपरमॅन त्याला थांब म्हणतो, तो थांबत नाही, आणि सुपरमॅन त्याची मान मोडतो. मग तो आक्रोश करतो. या प्रसंगाचे भाग सुटे करून बघा. झॉड दोषी आहे याबद्दल आपल्याला शंका नाही, कारण त्याचे गुन्हे आपण डोळ्यांनी पाहिलेत. दुसरा मार्ग नाही, कारण त्याला ठेवता येईल असा तुरुंग नाही आणि हातात काही क्षणच आहेत. आणि नंतरचं काही बघावं लागत नाही. सुपरमॅनचं दुःख दिसतं, पण त्या लढाईत कोसळलेल्या इमारतींत किती माणसं गेली, ते कोण होते, याची मोजदाद हा सिनेमा करत नाही.

म्हणजे सोयी तीन. पहिली, खात्री. दुसरी, पर्यायाचा अभाव. तिसरी, परिणामांवर पडदा. कुठलाही सुपरहिरोपट घ्या, कमी-अधिक प्रमाणात या तिन्ही सापडतात. २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स'मध्ये तर गंमतच आहे. न मारण्याचा नियम पाळणारा बॅटमॅन शेवटी खलनायकाला कोसळणाऱ्या ट्रेनमध्ये सोडून निघून जातो. मारलं नाही, वाचवलंही नाही. नियम शाबूत राहिला आणि माणूसही मेला.

आपल्याकडच्या नायकाला उडता येत नाही, बहुतेकदा त्याच्या अंगावर खाकी असते. पण सोयी त्याच. 'सिंघम' (२०११) मध्ये जयकांत शिक्रेला शेवटी पोलीसच संपवतात आणि थिएटरात शिट्ट्या वाजतात. कारण कोर्ट काही करू शकणार नाही हे दोन तास आपल्याला दाखवलेलं असतं. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३ मध्ये एका जाहीर भाषणात याच सिनेमाचं नाव घेऊन, झटपट न्यायाची ही प्रतिमा धोकादायक आहे, असं म्हटलं होतं. त्यांचा मुद्दा आपल्या भाषेत मांडायचा तर असा: सिनेमातली खात्री प्रेक्षकाची असते, कारण कॅमेरा सगळीकडे होता. प्रत्यक्षात तसा कॅमेरा कोणाकडेच नसतो.

आता हे सगळं चंद्रपूर-गडचिरोलीत आणून बघू. इथे 'चकमक', 'नरभक्षक', 'खबऱ्या' हे शब्द पडद्यावरून आलेले नाहीत, पेपरात येतात. १ मे २०१९ ला जांभूळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांचा वाहनचालक गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याच्या जंगलातल्या चकमकीत २६ माओवादी मारले गेल्याचं पोलिसांनी जाहीर केलं. आणि खबरी असल्याच्या संशयावरून माओवाद्यांनी मारलेले गावकरी वेगळेच. या शेवटच्या प्रकाराकडे नीट बघा. ठरवणारा स्वतःच, शिक्षा देणारा स्वतःच, अपील कुठे नाही. खात्री आहे, पर्याय नाही, मागे राहिलेल्यांची चौकशी नाही. तिन्ही सोयी हजर. सुपरहिरोची नैतिकता पडद्याबाहेर कोणाच्याही हातात गेली की अशी दिसते, मग गणवेश कुठलाही असो.

कायद्याने नेमक्या याच तीन जागी अडसर घातलेत, हे संशोधकाला फार उपयोगी पडतं. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात झालेल्या सुमारे ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू, यांतून पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला उभा राहिला. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात १६ मार्गदर्शक मुद्दे घालून दिले. मिळालेल्या खबरीची नोंद ठेवा. मृत्यू झाला की एफआयआर नोंदवा. तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या. दंडाधिकारी चौकशी करा. मृताच्या नातेवाइकांना कळवा. आणि एक मुद्दा तर थेट सिनेमाच्या क्लायमॅक्सला लागू पडतो: चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक देऊ नका. म्हणजे आपल्या पडद्यावर जिथे पाठीवर थाप आणि शेवटचं गाणं येतं, तिथे कायदा 'थांबा' म्हणतो.

वाघाच्या बाबतीतही तसंच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ११ वाचा. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या वाघालाही सरळ गोळी घालता येत नाही. मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आणि सकारण आदेश लागतो. पकडणं, बेशुद्ध करणं, दुसरीकडे हलवणं शक्य नाही अशी त्यांची खात्री पटावी लागते. तेंदूपत्त्याला किंवा मोहाला गेलेलं घरचं माणूस परत आलं नाही, अशा घराचा राग मी कमी लेखत नाही. तो राग खरा आहे, आणि तो आहे म्हणूनच आदेश लेखी लागतो.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ ला टी-१ म्हणजे 'अवनी' वाघीण मारली गेली. १३ माणसांचे मृत्यू तिच्या नावावर होते. आधी बेशुद्ध करण्याचा खरंच प्रयत्न झाला का, यावर मोठा वाद झाला. मागे दोन बछडे उरले. या घटनेच्या छायेत अमित मसुरकर यांचा 'शेरनी' (२०२१) उभा आहे, आणि आपला तीन सोयींचा तक्ता त्याला लावून बघण्यासारखा आहे. इथे बंदूकवाला शिकारी पिंटू आहे, पण सिनेमा त्याला नायक होऊ देत नाही. नायिका विद्या व्हिन्सेंट वन अधिकारी आहे. ती ठसे, कॅमेरे, नोंदी यांच्या मागे असते. तिची खात्री हळूहळू, पुराव्याने तयार होते. आणि गोळी सुटल्यावर सिनेमा संपत नाही, बछड्यांचं काय हा प्रश्न शिल्लक असतो. तिन्ही सोयी काढून घेतल्या की सिनेमा कसा दिसतो, त्याचा हा नमुना. प्रेक्षकाला मात्र टाळी वाजवायला जागा मिळत नाही. ही किंमत आहे आणि ती प्रबंधात नोंदवायला हवी.

मसुरकरांचाच 'न्यूटन' (२०१७) गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या दंडकारण्यात घडतो. ७६ मतदारांचं केंद्र, आणि नियमाने मतदान झालंच पाहिजे असं मानणारा निवडणूक कर्मचारी. शेवटी हाच नियमवाला माणूस मतदान पूर्ण व्हावं म्हणून जवानांवर बंदूक रोखतो. नियमासाठी धमकी! वेळ संपल्यावर तो बंदूक खाली ठेवतो आणि मार खातो. सहा महिन्यांनंतर तो दिसतो तेव्हा मानेला पट्टा असतो. हिंसेची खूण नायकाच्या शरीरावर राहते, पुढच्या दृश्यात पुसली जात नाही.

आणखी एक जोडी अभ्यासाला घ्या, कारण अभिनेता एकच आहे. 'अब तक छप्पन' (२००४) मधला चकमकफेम पोलीस अधिकारी नाना पाटेकर, आणि 'डॉ. प्रकाश बाबा आमटे: द रियल हीरो' (२०१४) मधला हेमलकशाचा डॉक्टरही नाना पाटेकर. समृद्धी पोरे यांच्या या चरित्रपटाच्या नावातच दावा आहे: खरा नायक हा. लोकबिरादरी प्रकल्प २३ डिसेंबर १९७३ ला सुरू झाला. तिथल्या प्राण्यांच्या अनाथालयाची हकिकत बहुतेकांना माहीत असते. शिकार झालेल्या माकडिणीला बिलगलेलं जिवंत पिल्लू डॉक्टरांनी माडिया शिकाऱ्यांकडून मागून घेतलं. शिकार भुकेपोटी होती, म्हणून त्यांनी शिकाऱ्यांना खलनायक केलं नाही. पुढे लोक स्वतःच अनाथ पिल्लं आणून देऊ लागले. 'पर्यायच नव्हता' हे वाक्य किती लवकर उच्चारलं जातं, ते अशा गोष्टीशेजारी ठेवल्यावर कळतं. टीका म्हणून एवढं मात्र म्हणावं लागेल की 'खरा नायक' म्हटलं तरी चौकट नायकाचीच राहते. एक माणूस मध्ये, आणि माडिया समाज त्याच्या भोवती.

आता कामाचं. यावर सिनॉप्सिस लिहायची असेल तर पाच-सहा सिनेमे निवडा, शंभर नकोत. प्रत्येक हत्येच्या प्रसंगाचा तक्ता करा: दोष कोणी आणि कसा ठरवला, कुठले पर्याय तपासले, मृत्यूनंतर पडद्यावर किती वेळ आणि कोणासाठी दिला, नायकाला काय मिळालं. मग तोच तक्ता २०१४ च्या १६ मुद्द्यांशेजारी ठेवा. जिथे तफावत दिसेल, तिथून तुमचं गृहीतक निघेल.

प्रेक्षकांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर आलापल्ली, सिरोंचा, सिंदेवाही इथे पुण्या-मुंबईपेक्षा वेगळी उत्तरं येऊ शकतात. पण प्रश्नावली जपून करा. समोरच्याच्या घरातलं कोणी जवान असेल, कोणी जंगलात गेलेलं असेल, कोणाला वाघाने नेलं असेल. 'तुम्ही कोणाच्या बाजूने?' असं विचारू नका. त्या माणसाला नंतर त्याच गावात राहायचं असतं. नाव, गाव, नातं नोंदवू नका, संमती आधी घ्या, आणि प्रश्न सिनेमातल्या पात्राबद्दलच ठेवा. तुमच्या प्रबंधामुळे कोणावर 'खबऱ्या'चा शिक्का बसला, तर त्याचाही पंचनामा कोणी करणार नाही.