तालमीत स्कोअर नसतो

आमच्या उरण-पनवेल पट्ट्यात 'टेनिस' हा शब्द सहसा एकटा येत नाही, 'टेनिस बॉल क्रिकेट' असाच येतो. हिवाळा लागला की गावोगावी टुर्नामेंट, माइकवर कॉमेंट्री, यूट्यूबवर लाइव्ह. द्रोणागिरीच्या मोकळ्या प्लॉटवर संध्याकाळी टेनिसचा चेंडू दिसतो, पण त्याच्यामागे रॅकेट नसते, बॅट असते. त्यामुळे रॅकेटवालं टेनिस मी पाहिलं ते मोबाइलवर. त्यातही पूर्ण सामने थोडे, हायलाइट्सच जास्त. पाच सेटचा सामना दहा मिनिटांत बघायचा आणि लगेच मत द्यायचं. मतं माझ्याकडे भरपूर होती.

त्यातलं एक मत असं. एक भारतीय खेळाडू हरताना पाहून मी मित्रांच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "याला बॅकहँडच नाही. हा दोनशेच्या आत कधीच येत नाही." सात-आठ अंगठे आले, विषय संपला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला एटीपी चॅलेंजर स्पर्धा होती. टूरची मोठी स्पर्धा, म्हणजे महाराष्ट्र ओपन, २०१८ ते २०२३ याच संकुलात व्हायची. ती गेली, आता एक पायरी खालची चॅलेंजर आहे. आमच्या उरण लाइनवर गाड्या सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. द्रोणागिरी स्टेशनवरून लोकल पकडली, बेलापूरला बदलली, पनवेलहून पुण्याची बस घेतली आणि वाकडला उतरलो. आवडत्या सामन्याला अजून दोन तास होते. ऊन टाळायला म्हणून बाजूच्या कोर्टांकडे गेलो आणि जाळीला टेकून उभा राहिलो. आत तोच खेळाडू होता. बॅकहँड मारत होता.

क्रॉसकोर्ट बॅकहँड, एकामागून एक. मी मोजायला लागलो. एकोणीसनंतर मोजणं सुटलं. बहुतेक चेंडू बेसलाइनच्या आत दोन-तीन फुटांवर पडत होते. आवाज दर वेळी सारखा, दाट. ज्याला बॅकहँडच नाही असं मी लिहिलं होतं, त्याचा बॅकहँड मी आठ फुटांवरून बघत होतो.

आता इथे 'मला माझी चूक कळली' म्हणून लेख संपवता आला असता. पण चूक नेमकी कोणती होती, ते त्या दिवशी लगेच कळलं नाही. त्यासाठी आधी सराव बघायचा म्हणजे काय बघायचं, हे समजून घ्यावं लागलं.

कॅमेरा काय खातो

टीव्हीवरचा मुख्य कॅमेरा एका बेसलाइनच्या मागे, उंचावर असतो. तिथून पूर्ण कोर्ट दिसतं, चेंडू कुठे पडला ते कळतं. पण चेंडू नेटवरून किती उंचावरून गेला, किती फिरत गेला आणि टप्पा पडल्यावर किती उसळला, हे त्या कोनातून सपाट होऊन जातं. आपल्याला वाटतं, प्रो खेळाडू नेटला घासून मारतात. जाळीशी, कोर्टाच्या बाजूला उभं राहिलं की उलटं दिसतं. रॅलीतले बहुतेक चेंडू नेटच्या बरेच वरून जातात आणि टॉपस्पिनमुळे शेवटी खाली ओढल्यासारखे पडतात. सुरक्षितपणा इतका जोरात मारता येतो, हे मला स्क्रीनवर कधी दिसलं नव्हतं.

क्रॉसकोर्टचंही तसंच. सरावात खेळाडू सरळ रेषेत मारण्यापेक्षा तिरकं मारण्यात जास्त वेळ घालवतात. कारण साधं, भूमितीचं आहे. नेट मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर उंच असतं आणि खांबांपाशी १०७ सेंटिमीटर. तिरका चेंडू नेटच्या खालच्या भागावरून जातो. शिवाय २३.७७ मीटर लांब आणि ८.२३ मीटर रुंद कोर्टाचा कर्ण लांबीपेक्षा सव्वा मीटरहून जास्त भरतो. म्हणजे तिरकं मारताना नेट कमी उंच आणि जागा जास्त. सामन्यात कुणी डाउन द लाइन मारून गुण घेतला की आपण ओरडतो. तो फटका किती महागाचा आहे, हे आधीचे शंभर तिरके चेंडू पाहिल्यावर कळतं.

सुरुवात तर अगदी बालवाडीसारखी असते. दोघं सर्व्हिस बॉक्समध्ये उभे राहून हळू, छोटे फटके मारतात. त्याला मिनी टेनिस म्हणतात. मग बेसलाइनवर मधोमध, मग तिरकं, मग व्हॉली, स्मॅश, सर्व्हिस, रिटर्न, शेवटी काही गुण. मिनी टेनिसच्या वेळी बाहेरचे लोक मोबाइल बघत असतात. मी हातांऐवजी पाय बघायला लागलो. समोरच्याची रॅकेट चेंडूला लागायच्या क्षणी दुसऱ्याची एक छोटी उडी असते. स्प्लिट स्टेप. खेळ निम्म्या वेगाने चाललाय, चेंडू सरळ हातात येतोय, तरी ती उडी चुकत नाही. हायलाइट्समध्ये ही उडी बहुतेक वेळा कापलेली असते, कारण क्लिप फटक्यापासून सुरू होते.

आणखी एक गोष्ट फक्त इथेच दिसली. एका परदेशी खेळाडूचे चेंडू सारखे हातभर बाहेर जात होते. त्याने रॅकेटच्या तारांवर तळहात दाबला, कोचकडे बघितलं आणि दुसरी रॅकेट घेतली. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे. हवा थोडी विरळ, म्हणून चेंडू थोडा जास्त पळतो. अशा ठिकाणी बरेच खेळाडू तारा जरा घट्ट ओढून घेतात, म्हणजे चेंडू ताब्यात राहतो. फरक एक-दोन पाउंडांचा. पण सामन्यात हाच माणूस पहिल्या गेममध्ये दोन चेंडू बाहेर मारेल तेव्हा आपण म्हणणार, नर्व्हस आहे.

मोठ्या कोर्टावर बॉल बॉय असतात. इथे सर्व्हिसची टोपली संपली की जगातला दीडशेवा-दोनशेवा माणूस वाकून स्वतःच चेंडू गोळा करत होता.

वीस चेंडूंची रॅली, चार फटक्यांचा सामना

आता मला खटकलेली गोष्ट. प्रो टेनिसमध्ये बहुतेक गुण पहिल्या चार फटक्यांच्या आत संपतात: सर्व्हिस, रिटर्न आणि दोन्हीकडचा एकेक फटका. याच बालेवाडीत २०१९ च्या अंतिम सामन्यात केविन अँडरसनने इव्हो कार्लोविचला ७-६, ६-७, ७-६ असं हरवलं होतं. एक दोन मीटर तीन सेंटिमीटरचा, दुसरा दोन अकराचा. तिथे रॅली हा पाहुणाच. मग वीस-वीस चेंडूंच्या रॅलीचा सराव कशासाठी?

जाळीशी तासभर उभं राहिल्यावर मला पटलेलं उत्तर असं. ती लांब रॅली सामन्याची नक्कल नसते. गवई सकाळी खर्ज लावतो तेव्हा मैफलीत कोणी खर्जाचे दोन तास ऐकणार नसतं. आज चेंडू कसा येतोय, कोर्ट किती वेगवान आहे, तारा कशा बोलताहेत, हे हाताला सांगण्यासाठी ती रॅली असते. खरी सामन्याची तयारी शेवटच्या वीस मिनिटांत येते. सर्व्हिस करायची आणि पुढचा एकच चेंडू ठरलेल्या जागी मारायचा. पुन्हा सर्व्हिस, पुन्हा तोच चेंडू. बघायला कंटाळवाणं असतं. बाहेरचे लोक नेमके तेव्हाच निघून जातात.

त्या कंटाळवाण्या वीस मिनिटांतच मला माझ्या खेळाडूचं कोडं थोडं सुटलं. कोच त्याला रुंद सर्व्हिसवर बॅकहँड रिटर्न करायला लावत होता. चेंडू शरीराजवळ आला की रिटर्न सुंदर. दूर गेला की अर्धं पाऊल उशीर, आणि रॅकेट चेंडूमागे धावायची. कोच बॅकहँडबद्दल काहीच बोलत नव्हता. तो फक्त पायांकडे बोट दाखवत होता. सामन्यातही आता कोचला बोलायची परवानगी आहे. एटीपीने २०२२ मध्ये प्रयोग सुरू केला आणि २०२५ पासून ती खेळाच्या नियमांतच आली. पण सामन्यातलं ते बोलणं दोन-चार शब्दांचं. अख्खं वाक्य ऐकायचं तर सरावालाच जावं लागतं.

दुपारच्या सामन्यात तो हरला. प्रतिस्पर्ध्याने नेमकी तीच रुंद सर्व्हिस पुन्हा पुन्हा केली. बॅकहँड नेटमध्ये जात राहिले. मोबाइलवर पाहिलं असतं तर मी तेच जुनं वाक्य आणखी ठामपणे लिहिलं असतं. म्हणजे माझ्या मताचा निष्कर्ष, की हा हरणार, बरोबर होता आणि कारण साफ चुकीचं. निष्कर्ष बरोबर निघाला की कारण तपासायची गरजच वाटत नाही. खेळावरची आपली बहुतेक टीका अशीच जगते.

पडद्यामागे म्हणजे नेमकं कुठे?

कुणी म्हणेल, आता पडद्यामागचं सगळं दाखवतातच की. जानेवारी २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर 'ब्रेक पॉइंट' आली, दोन सीझन चालली. खेळाडू हॉटेलात, लॉकर रूममध्ये, विमानतळावर दिसले. एकटेपणा, दुखापत, रडू, सगळं होतं. मला ती आवडली होती. बालेवाडीनंतर पुन्हा पाहिली तेव्हा उणीव जाणवली. सराव तिथे बहुतेक पार्श्वसंगीतासोबत येतो: दोन फटके, एक घामाचा क्लोज-अप, कट. खेळाडूचं मन दाखवायच्या नादात खेळाडूचं काम राहून गेलं. रील्सचं तर विचारूच नका. सरावातला व्हायरल होतो तो पायांमधून मारलेला फटका, म्हणजे जो सरावाचा भागच नसतो, विरंगुळा असतो.

मराठीत याला एक नेमका शब्द आहे: तालीम. कुस्तीची तालीम असते आणि नाटकाचीही. दोन्ही ठिकाणी कपडे साधे, चुका उघड, तीच गोष्ट पुन्हा. नाटकवाले शेवटी रंगीत तालीम करतात, कपडे आणि प्रकाशासकट. आज आपल्याला 'बिहाइंड द सीन्स' म्हणून जे मिळतं ते सगळं रंगीत तालीमच आहे. मातीतली तालीम त्यात नाही.

पण तालीम फसवतेही

सराव पाहिला म्हणजे टेनिस कळलं, असंही नाही. त्या दिवशी चार कोर्टांवर आठ-दहा जण खेळत होते. यातला सर्वांत चांगला कोण, हे मला खरंच सांगता आलं नसतं. सगळ्यांचा चेंडू सारखाच जड, सगळ्यांचा आवाज सारखाच. रँकिंग चेंडूवर लिहिलेलं नसतं.

त्या आठवड्यात ती स्पर्धा मोनॅकोच्या व्हॅलेंटिन व्हाशरोने जिंकली. तेव्हा हे नाव मला माहीतही नव्हतं. मी कदाचित त्याच्या कोर्टासमोरून पाण्याची बाटली शोधत गेलोही असेन. ऑक्टोबर २०२५ मध्ये हाच व्हाशरो जागतिक क्रमवारीत २०४ वा असताना पात्रता फेरीतून शांघाय मास्टर्समध्ये शिरला, उपांत्य फेरीत जोकोविचला आणि अंतिम फेरीत स्वतःचा मावसभाऊ-चुलतभाऊ जे काही नातं असेल त्या आर्थर रिंडरनेकला हरवून विजेता झाला. मास्टर्स १००० जिंकणारा तो आजवरचा सर्वांत खालच्या क्रमांकाचा खेळाडू. मुंबईच्या सीसीआयवर २०१७ मध्ये महिलांची छोटी स्पर्धा एकोणीस वर्षांच्या आरिना सबालेंकाने जिंकली होती. तीही पुढे नंबर वन झाली. दोघंही आपल्याकडे येऊन सराव करून गेली. जाळी होती, कोर्ट होतं, बघणारे थोडे होते.

तालमीत स्कोअर नसतो, म्हणून भीतीही नसते. ३०-४० वर दुसरी सर्व्हिस करताना हाताचं काय होतं, ते तालीम सांगत नाही. ते सामन्यातच कळतं. तालमीतून एवढंच कळतं की या माणसाकडे काय आहे. मग सामन्यात ते कुठे गळलं, हे शोधता येतं. एक न बघता दुसरं बघणं म्हणजे मिळालेले मार्क बघून मुलाला काय येतं ते सांगण्यासारखं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी बालेवाडीला किंवा सीसीआयला स्पर्धा असेल आणि सरावाची कोर्टं बघता येत असतील, तर दोन तास आधी जा. एकच खेळाडू निवडा. कोर्टाच्या मागे नाही, बाजूला उभे राहा. पहिली दहा मिनिटं फक्त पाय बघा. शेवटची वीस मिनिटं कंटाळा आला तरी हलू नका. मग त्याचाच सामना बघा.

परतीच्या बसमध्ये मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली: "बॅकहँड आहे. चांगला आहे. रुंद सर्व्हिसवर पाय अर्धं पाऊल उशिरा पोचतात."

या वेळी अंगठा एकच आला. खाली एकाने लिहिलं, "तू कधीपासून कोच झालास?"