हप्ता महिन्याचा, पैसा कापसाचा

साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प २०१३ पासून उभा आहे. म्हणजे खान्देशात ऊन कमी पडतं, असं कुणी म्हणणार नाही. घराच्या छतावर येताना घोडं अडतं ते पैशाच्या वेळेपाशी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार, तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान. आम्ही ह्याला नावं ठेवत नाही. पण हे अनुदान पॅनेल बसून, मीटर लागून, तपासणी झाल्यावर मिळतं. तोवर कर्ज, आणि कर्जाला दरमहा हप्ता. आता पारोळा-शिंदखेड्याकडचं कोरडवाहू घर घ्या. कापूस विकला की पैसा, एरवी उधारी. सोसायटीचं पीककर्ज हे ओळखतं, वर्षातून एकदा भरून घेतं. जूनमध्ये बियाण्यालाच पैसे नाहीत, तिथं छताचा हप्ता कुठून आणायचा?

‘बिलाच्या बचतीतून हप्ता निघतो’ म्हणतात. ते गणित एसीवाल्या बंगल्याचं. महिन्याला साठ युनिट जाळणाऱ्याचं बिल असतंच केवढं! शिवाय मीटर आजोबांच्या नावावर, आजोबा केव्हाच गेले. तिथंच अर्ज अडकतो.

कर्नाटकात हरीश हांडे यांच्या सेल्कोने १९९५ पासून बँकांना सोबत घेऊन गिऱ्हाइकाच्या कमाईप्रमाणे हप्ते बांधून दिले. आपल्याकडच्या बँकांनी निदान कोरडवाहू गावांत मार्चअखेरचा एकच हप्ता लावून बघावा. त्याला नवं अनुदान लागत नाही.