25 पैकी 24 मांजरं सुधारली, मग अडचण काय?

पेपर कसा वाचायचा हे शिकायला गाजलेला, जाडजूड पेपरच हवा असं नाही. उलट छोटा पेपर बरा, कारण त्याचे सांधे स्पष्ट दिसतात. आज असाच एक घेऊ. विषय आहे मांजरांच्या हनुवटीवरचे मुरूम, म्हणजे फेलाइन ॲक्ने.

घरात मांजर असेल तर हे पाहिलंही असेल. हनुवटीवर बारीक काळे ठिपके, जणू चहाची पूड चिकटलीय. तिथल्या तेलग्रंथींचं तेल आणि मृत पेशी केसाच्या मुळाशी साचतात, छिद्र बुजतं, तोच हा ठिपका. बऱ्याच मांजरांना त्याचा काहीच त्रास नसतो. काहींमध्ये मात्र पुढे जंतुसंसर्ग होतो. मग पुटकुळ्या, पू, सूज, दुखणं.

1997 मध्ये ‘व्हेटरनरी डर्मटॉलॉजी’ या नियतकालिकात स्टीफन व्हाइट आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. मुपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम त्यांनी 25 मांजरांवर वापरून पाहिलं. 24 मांजरांमध्ये परिणाम चांगला किंवा उत्तम आला. म्हणजे 96 टक्के! इथेच आपण खूश होतो आणि पुढचं पान उलटतो. जरा थांबा.

पहिला प्रश्न: कशाच्या तुलनेत? या अभ्यासात कंट्रोल ग्रुप नव्हता. हा आजार कमी-जास्त होत राहतो. मालक मांजर डॉक्टरकडे कधी आणतो? हनुवटी सगळ्यात वाईट दिसते तेव्हा. त्यानंतर काही न करताही थोडी सुधारणा दिसण्याची शक्यता असते. ती सुधारणा मलमाच्या खात्यात जमा झाली का, हे तुलनेशिवाय कळत नाही.

दुसरा प्रश्न: नेमकं काय काम करून गेलं? मलम म्हणजे फक्त औषध नाही. त्यात औषध धरून ठेवणारा आधारही असतो, तो कडक झालेली घाण मऊ करू शकतो. रोज मलम लावायचं तर हनुवटी रोज हाताळली जाते, पुसली जाते. औषध नसलेलं, पण बाकी तसंच मलम दुसऱ्या गटाला दिलं असतं तर हे वेगळं काढता आलं असतं.

तिसरा प्रश्न: ‘चांगला’ कोण ठरवतंय? ओपन ट्रायलमध्ये औषध काय चाललंय हे सगळ्यांना माहीत असतं. आशेनं बघणारा डोळा थोडा उदार होतोच. यात कुणाची लबाडी नाही, माणसाचा स्वभाव आहे.

आता आकडा बघा. 25 पैकी 24 चा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला तर तो साधारण 80 ते जवळपास 100 टक्के येतो. पण लक्षात ठेवा, हा इंटरव्हल फक्त नमुना लहान असल्याची अनिश्चितता सांगतो. तुलना नसल्याची भरपाई तो करत नाही. 2500 मांजरं घेतली असती तरी वरचे तिन्ही प्रश्न तसेच उरले असते.

मग त्याच नियतकालिकातला 2006 चा पेपर शेजारी ठेवा. त्यात त्वचेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. तेलग्रंथीच्या नलिकेभोवती दाह 86 टक्के मांजरांत, नलिका फुगलेली 73 टक्क्यांत, आणि केसाच्या मुळाचा दाह फक्त 27 टक्क्यांत. म्हणजे मूळ भानगड ग्रंथीची आणि छिद्र बुजण्याची दिसते. जंतू बऱ्याचदा नंतर येतात. मग ज्या हनुवटीवर नुसते काळे ठिपके आहेत, तिथे अँटिबायोटिक नेमकं कशावर काम करणार?

हा प्रश्न नुसता बौद्धिक नाही. मुपिरोसिन माणसांमध्येही स्टॅफिलोकोकसविरुद्ध लागतं. गरज नसताना वापरलं तर रेझिस्टन्स वाढतो, त्याची किंमत मांजर आणि माणूस दोघंही मोजतात. शिवाय हनुवटीला लावलेलं थोडंफार पोटात जाऊ शकतं, कारण मांजर स्वतःला चाटतंच.

प्लास्टिकच्या भांड्याचंही असंच. भांडं बदललं आणि मुरूम गेले, असं मालक सांगतात. ओरखड्यांत जंतू राहतात हे कारण पटण्यासारखं आहे. पण भांडं बदलणारा माणूस ते रोज घासायलाही लागतो, हनुवटीही पुसतो. तीन गोष्टी एकदम बदलल्या, श्रेय एकीला. तरी स्टील, काच किंवा चिनी मातीचं भांडं घ्या, रोज धुवा. यात तोटा काहीच नाही. थोड्या पुराव्यावर बिनधोक उपाय करणं आणि थोड्या पुराव्यावर अँटिबायोटिक देणं, या दोन गोष्टींना एकच माप लावू नका.

1997 चा पेपर मग टाकाऊ का? अजिबात नाही. ‘ओपन क्लिनिकल ट्रायल’ आणि ‘25 केसेस’ हे शब्द त्याच्या शीर्षकातच आहेत. स्वतःची मर्यादा दारावर लिहिणारा पेपर प्रामाणिक असतो. गडबड आपण करतो, शीर्षक गाळून फक्त 96 टक्के उचलतो तेव्हा.

आणि घरच्या मांजराबद्दल: ठिपके फोडू नका, माणसांची मुरमांची क्रीम लावू नका. सूज, पू किंवा दुखणं दिसलं तर पशुवैद्याकडे जा.

आता गृहपाठ. याच प्रश्नावर स्वतः अभ्यास आखा. हनुवटीच्या एका बाजूला औषध आणि दुसऱ्या बाजूला साधं मलम, ही युक्ती इथे का चालणार नाही? उत्तरासाठी मांजराची जीभ आठवा.