'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका आणि अमेरिकेच्या इतिहासाचे अध्यापन : घोडबंदर रोडच्या संदर्भात

पदवी स्तरावर अमेरिकेचा व जगाचा इतिहास बहुधा परक्या देशांचा इतिहास म्हणूनच शिकविला जातो. यादवी युद्धाची कारणे व परिणाम टिपणांच्या रूपाने दिले जातात आणि विद्यार्थी ते परीक्षेपुरते लक्षात ठेवतो. 1863 चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा व 1865 ची तेरावी घटनादुरुस्ती यांची दखल एका मराठी ग्रंथकाराने अवघ्या काही वर्षांत घेतली होती, ही गोष्ट मात्र या टिपणांत क्वचितच येते. तो ग्रंथ म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांचा 1873 मधील 'गुलामगिरी'.

फुल्यांनी हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. निग्रो दासांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखविलेल्या निरपेक्ष त्यागाचा गौरव करून, आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा अशी अपेक्षा फुले व्यक्त करतात. मराठी समीक्षेत या अर्पणपत्रिकेचा उल्लेख वारंवार होतो, पण तो बहुतेक वेळा गौरवापुरताच थांबतो. वस्तुतः ग्रंथाच्या प्रस्तावनेत अमेरिकेचे दुसरेही रूप आहे. नव्या जगात आलेल्या युरोपीय वसाहतवाल्यांनी तेथील मूळ रहिवाशांवर केलेल्या क्रौर्याची तुलना फुले आर्यांच्या आगमनाशी करतात. अर्पणपत्रिकेतील मुक्तिदाते आणि प्रस्तावनेतील आक्रमक हे एकाच देशाचे असल्याचे भान ग्रंथकाराला होते. त्याच्या वाचकाला ते फारसे राहिलेले दिसत नाही.

तथापि अर्पणपत्रिकेची मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. 1863 चा जाहीरनामा बंडखोर राज्यांपुरताच होता. संघराज्याच्या सैन्यात सुमारे 1,80,000 कृष्णवर्णीय सैनिक लढले, म्हणजे मुक्ती ही केवळ दात्यांची देणगी नव्हती. फुल्यांची स्तुती मात्र दात्यांकडे वळते. 1877 मध्ये दक्षिणेतून केंद्रीय सैन्याचा अंमल संपल्यावर कृष्णवर्णीयांच्या हक्कांचे जे झाले ते 1873 मध्ये लिहिणाऱ्यास दिसणे शक्य नव्हते, हे येथे मान्य करावे लागते. परंतु धोंडिबा व जोतीराव यांच्या संवादांत शोषितांनी स्वतः विचार करावा हा जो आग्रह आहे, तो अर्पणपत्रिकेतील कृतज्ञतेच्या पुढे जातो. ग्रंथाचे खरे बळ संवादांतच आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

हा ग्रंथ जागतिक इतिहासाच्या वर्गात वाचण्याचा प्रश्न घोडबंदर रोडसारख्या परिसरात अधिक निकडीचा होतो. ठाण्याहून निघणाऱ्या या रस्त्याच्या एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, त्याच्या कुशीत आदिवासी पाडे आणि मधोमध उंच इमारती आहेत. पाड्यावरचा आणि इमारतीतला विद्यार्थी एकाच बाकावर बसून अमेरिकन इंडियनांचे विस्थापन दोन गुणांसाठी पाठ करतो, आणि प्रस्तावनेतील तुलना त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. रस्त्याला नाव देणारे घोडबंदर 1737 पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होते, हेही वसाहतवादाच्या प्रकरणात त्याला कोणी सांगत नाही.

अमेरिकेच्या यादवी युद्धाचा धागा तर थेट ठाणे जिल्ह्यातून जातो. 1861 ते 1865 या काळात दक्षिणेकडील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाल्याने मुंबईच्या कापसाचे भाव चढले, सट्टा फोफावला आणि 1865 मध्ये युद्ध संपताच बाजार कोसळला. बोरघाटाचा लोहमार्ग 1863 मध्ये व थळघाटाचा 1865 मध्ये खुला झाला. या दोन्ही वाटा कल्याणला एकत्र येतात आणि ठाण्यावरून मुंबईला जातात. लोकलने महाविद्यालयात येणारा विद्यार्थी रोज त्याच मार्गावरून प्रवास करतो. स्थानिक इतिहास आणि जागतिक इतिहास यांना वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांत कोंडण्याची सवय येथे सर्वाधिक खटकते.

फुल्यांनंतर हा संवाद खंडित झाला नाही. कोलंबिया विद्यापीठात 1913 ते 1916 या काळात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकन कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची माहिती मागविली. 1972 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. फुल्यांनी दात्यांना अभिवादन केले होते. पुढच्या या दोन्ही प्रसंगांत संवाद लढणाऱ्यांशी झाला.