नाव आणि आज्ञा: युनिक्सच्या फाइलनामांविषयी

युनिक्स या संगणकप्रणालीने फाइलींना नावे देण्याच्या बाबतीत फाजील औदार्य दाखविले, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ च्या सुमारास आरंभिलेल्या या प्रणालीत नावाला दोनच बाइट वर्ज्य आहेत: तिरपी रेघ आणि शून्य बाइट. मोकळी जागा, आरंभीची आडवी रेघ, फार काय, नवी ओळदेखील नावात चालते. तथापि दोष खरोखर या औदार्याचा आहे काय, हे तपासणे इष्ट होईल.

'प्रबंध जुना' ही फाइल घेऊ. हे नाव चलात ठेवून तो चल अवतरणचिन्हांवाचून 'आरएम' या फाइल खोडण्याच्या आज्ञेस दिला, तर १९७९ चे बॉर्न शेल व त्याच्या परंपरेतील बॅश मोकळ्या जागेपाशी नावाचे दोन तुकडे करतात. शेजारी नुसत्या 'प्रबंध' नावाची फाइल असेल, तर ती नष्ट होते आणि 'प्रबंध जुना' सुखरूप राहते! आडव्या रेघेने सुरू होणारे नाव तर तारकाचिन्हाच्या विस्तारातून आज्ञेपुढे आले की पर्याय म्हणूनच वाचले जाते. दोन्ही ठिकाणी नाव निरपराध आहे. त्याला आज्ञेच्या भाषेचा भाग मानणारे वाचन सदोष आहे.

उलट, या औदार्याचे एक फळ मराठी वाचकाने तरी विसरू नये. थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरी वर्णचिन्ह तीन बाइटांचे होते. त्यांपैकी एकही वर्ज्य नाही. म्हणूनच मराठी नावे मूळ नियम न बदलता सामावली. अर्थात 'दऱ्या' या शब्दातील 'ऱ' दोन प्रकारे साठविता येतो, आणि दिसण्यात एकच असणारी दोन नावे लिनक्सवर सामान्यतः भिन्न ठरतात, ही अडचण उरतेच.

चल अवतरणचिन्हांत ठेवणे, नावापूर्वी टिंब व तिरपी रेघ देणे, पर्यायांची समाप्ती दोन आडव्या रेघांनी दर्शविणे, हे उपाय जुनेच आहेत. २०२४ च्या पॉसिक्स मानकाने 'फाइंड' व 'एक्सआर्ग्ज' या आज्ञांसाठी शून्य बाइटाने नावे विभागण्याची पद्धतही स्वीकारली. आपली नावे सुटसुटीत असावीत हे ठीकच; परंतु नाव दुसऱ्याने ठेवलेले असणार, हे गृहीत धरूनच आज्ञावली लिहिली पाहिजे.